टेपकाकूंच्या अडतीस खिडक्या

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे टेपकाकू म्हणतात, कारण कॉम्प्युटरसमोर बसल्या तरी त्यांच्या गळ्यात शिवणकामाची पिवळी कापडी टेप असते. वयाने त्या माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेत, पण मीही काकूच म्हणतो. सुरुवातीला एकदा नावाने हाक मारून पाहिली, तर शाळेत गुरुजींनी पुकारल्यासारख्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. तेव्हापासून तो नाद सोडला.

माझा धंदा इमारतींचे नकाशे काढून देण्याचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तीन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर आणि एक छोटा, जो मनात आलं तरच चालतो. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. बायको म्हणते की माझ्या नाकावर राग नुसता बसलेला नाही, त्याने तिथे घर बांधलं आहे, आणि त्याचा नकाशाही मीच काढला आहे.

काकूंना माझ्याकडे पाठवलं तेही बायकोनेच. बावीस वर्षं काकूंचं शिवणकामाचं दुकान होतं आणि आमच्या घरातली पोरं त्यांच्या हातचे कपडे घालून मोठी झाली, मी आडवा झालो. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले. काकूंकडे यायचे ते फक्त ते कपडे सैल करायला, आत घ्यायला आणि पायात वर दुमडायला. पुढे खांदा धरला, मशीन चालवणं जिवावर यायला लागलं. शेवटी दुकान बंद करून बाईंनी मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बसून नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरचा क्लास केला. माझ्यापुढे ठेवलेलं प्रमाणपत्र एका कापडी पाकिटात होतं आणि पाकिटाला दोन बटणं होती.

मी त्यांना एका खोलीचा नकाशा दिला आणि म्हटलं, या भिंतीत एक दार बसवा. ही माझी नेहमीची परीक्षा. सॉफ्टवेअरमध्ये दारं-खिडक्या तयार असतात. दारावर टिचकी मारायची, भिंतीवर टिचकी मारायची, दार बसतं आणि भिंत आपोआप कापली जाते. आजवर सगळ्यांनी ते पाच सेकंदांत केलं होतं. काकूंनी माऊसवरचा हात काढून घेतला आणि तीन गोष्टी विचारल्या. भिंत किती जाड आहे, दार कुठल्या अंगाला उघडायचं आहे, आणि उघडलेलं दार कशाला टेकणार आहे. मला त्या वेळी हे फार आवडलं. पुढचे पाच महिने याच प्रश्नांनी माझं डोकं उठवलं.

ठरलं होतं ते असं की सहा महिने बघायचं, जमलं तर कायम करायचं. त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. नवरा बसचालक. दीड वर्षापूर्वी जिन्यावरून पडून कण्याला मार लागला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. मुलगी अजून शिकते आहे. घर चालायचं ते काकूंच्या या नोकरीवर, आणि ही गेली तर दुखऱ्या खांद्याने पुन्हा मशीनवर बसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे सगळं ठाऊक असूनही मी जे केलं, तेच इथे सांगायचं आहे.

काकूंचं काम बघत बसण्यासारखं होतं, पण बघत बसायला वेळ असेल तरच. माऊसला त्यांनी छोटा अभ्रा शिवला होता. दर दोन मिनिटांनी त्या फाइल सेव्ह करायच्या आणि पुटपुटायच्या, ‘टाका मारून ठेवला.’ चूक झाली की ‘उसवते’ म्हणायच्या. नकाशातले वेगवेगळे थर, ज्यांना आम्ही लेयर म्हणतो, त्यांना आमच्याकडे भिंती, खांब, नळ अशी साधी नावं असतात. काकूंच्या फाइलमध्ये एक लेयर ‘अस्तर’ नावाचा असायचा, आणि त्यात त्या स्वतःसाठी बारीकसारीक टिपा लिहायच्या. आणि पाठकोरे कागद. एका बाजूने छापलेला कुठलाही कागद त्या टाकू द्यायच्या नाहीत. छोट्या प्रिंटरपाशी त्यांनी एक खोका ठेवला होता आणि सगळं कच्चं काम त्यातल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर चालायचं.

पण वेग नव्हता. आमच्याकडे एक तिशीचा गृहस्थ आहे, त्याला आम्ही झटपट म्हणतो. त्याचे तीन नकाशे होईपर्यंत काकूंचा एक व्हायचा. त्यातही त्या सॉफ्टवेअरमधल्या तयार दारा-खिडक्यांना ‘रेडिमेड’ म्हणायच्या आणि त्या शब्दाबरोबर त्यांचं नाक जरा मुरडायचं. एकदा मी चिडून म्हटलं, काकू, इथे गिऱ्हाइकाला उद्या द्यायचं असतं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आल्या, आणि नकाशा नेहमीइतकाच उशिरा झाला.

पाचवा महिना सरत आला तेव्हा एका संस्थेचं काम आलं. गावाबाहेर एक जुनी दगडी शाळा बंद पडून होती, तिथे दीर्घ आजारी माणसांसाठी शुश्रूषागृह करायचं होतं. भिंती पंचाहत्तर सेंटिमीटर जाड, अडतीस खिडक्या, अकरा दारं. मी एकदा जाऊन आलो होतो, पण तेव्हा खिडक्या आतून फळ्या ठोकून बंद केलेल्या होत्या आणि मी तिथे पोचलो तोच घाईत. मापं घ्यायला झटपट आणि काकू गेले. झटपटने खिडक्यांच्या फळ्या काढवल्या, एक खिडकी मोजली आणि बाकी सगळ्या सारख्याच आहेत असं ठरवून तो चहा प्यायला गेला. काकूंनी दोन दिवस लावून अडतीसच्या अडतीस मोजल्या, त्याही त्या कापडी टेपने. मी डोक्याला हात लावला. कापडी टेप ताणली जाते, जुनी असेल तर जास्तच, आणि हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं होतं.

मग नवऱ्याला ताप भरला आणि काकू तीन दिवस घरी राहिल्या. नेमकं तेव्हाच संस्थेने नकाशा मागितला, कारण सुताराला चौकटींचं काम द्यायचं होतं. मी काकूंची फाइल उघडली. भिंती सुरेख काढलेल्या, दगडाचा प्रत्येक कोपरा जागच्या जागी, आणि खिडक्यांच्या जागा मात्र कोऱ्या. अडतीस जागांपैकी एकीतही खिडकी नाही. मला वाटलं, बाईंना खिडकी बसवताच येत नाही. त्यांची वही बघितली तर रागात भरच पडली. प्रत्येक खिडकीपुढे रुंदीचे दोन आकडे, एक नव्वद आणि एक दीडशे, जवळपास सगळीकडे तेच. एका खिडकीला दोन रुंद्या कशा असतील? सॉफ्टवेअर तर एकच रुंदी विचारतं. टेप कुठे ताणली गेली, कुठे सैल राहिली, असं मी धरून चाललो आणि दोन्ही आकड्यांची सरासरी काढली. एकशेवीस. सव्वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाने हे केलं.

दहा मिनिटांत अडतीस खिडक्या बसल्या, भिंतीच्या बरोबर मधोमध, कारण सॉफ्टवेअर त्या तिथेच बसवतं. नकाशा गेला. त्याच रागाच्या भरात मी काकूंना द्यायचं पत्रही टाइप केलं, की आपलं काम समाधानकारक न वाटल्यामुळे महिनाअखेरीपासून आपली गरज राहणार नाही, वगैरे. छोट्या प्रिंटरने पहिली प्रत तिरकी काढली, ती मी बाजूला फेकली. दुसरी सरळ आली, ती पाकिटात घालून खणात ठेवली. महिना संपायला नऊ दिवस होते. लगेच द्यावं इतका काही मी दगड नव्हतो, किंवा असं म्हणू या की तेवढी हिंमत नव्हती.

काकू परत आल्या त्या दिवशी सकाळभर काही बोलल्या नाहीत. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, या खिडक्या बसणार नाहीत.”

मी डोक्यात राख घालून घेतली. नक्की काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. कापडी टेप, वेग, कोऱ्या जागा, सगळं काढलं. झटपट उठून खाली सायकलच्या दुकानात गेला, इतका आवाज चढला होता. काकू उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या, आणि माझं संपल्यावर एवढंच म्हणाल्या की सुतारांनी एक नमुन्याची चौकट केली आहे, उद्या सकाळी ती बसवून बघणार आहेत, आपण एकदा येऊन पाहावं.

गेलो. मुख्य हेतू त्यांना तोंडघशी पाडायचा होता, हे कबूल करतो. सुतार म्हणजे सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आणि त्याच्या भावाने चौकट उचलली आणि आतून खिडकीत सरकवली. ती मस्त आत गेली, एक वीत, दीड वीत, आणि भिंतीच्या मधोमध जाऊन जी रुतली ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी बसली. सुताराने माझ्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं आणि खिशातून चष्मा काढून पुसायला घेतला.

तेव्हा मला दिसलं. खिडकीच्या दोन्ही बाजू सरळ नव्हत्याच. बाहेरच्या अंगाला नव्वद सेंटिमीटरची जागा आत येता येता दोन्हीकडून पसरत दीडशे झाली होती. जुन्या जाड भिंतीत खिडकी अशीच करतात. हे मी शिकलेलो होतो, परीक्षेत याचं चित्र काढून मार्कही मिळवले होते. काकूंचे दोन्ही आकडे खरे होते. कापडी टेपने मिलिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता. मी म्हटलं, असू दे, बाजू भरून नव्वदला सरळ करून घेऊ, चौकटही तेवढीच करू.

काकू म्हणाल्या, “भरायच्या आधी इथे जरा आडवे व्हा, साहेब.”

कोपऱ्यात, जिथे नकाशात पलंग दाखवला होता, तिथे त्यांनी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून ठेवल्या होत्या. वर आपली शाल अंथरली होती. मी सुताराकडे बघितलं, तो खिळे मोजायला लागला. झालो आडवा. पन्नाशी उलटलेला, तापट, पोट सुटलेला माणूस फळीवर उताणा. काकूंनी मला मान वळवायला सांगितली. बाजूच्या दुसऱ्या खिडकीतून, जिच्यात अजून काही अडकवलेलं नव्हतं, मला फाटक दिसलं, रस्त्याचा तुकडा दिसला, एक बाई सायकल हातात धरून चालत होती तीही दिसली.

मग त्यांनी पिशवीतून पुठ्ठे काढले. मी हेच म्हणणार हे ओळखून, घरी नवऱ्याच्या उशाशी बसून, कपड्याचं माप बेतावं तसे त्यांनी ते खिडकीच्या मापाने कापून आणले होते. दोन्ही पसरट बाजूंना ते उभे धरून त्यांनी खिडकी सरळ केली, मी भरून घेणार होतो तशी. फाटक गेलं. रस्ता गेला. सायकलवाली बाई गेली. उरला भिंतीच्या जाडीइतका, पंचाहत्तर सेंटिमीटर खोल पुठ्ठा.

“आमचे हे दीड वर्ष असे पडून आहेत,” काकू म्हणाल्या. “समोरच्या दुकानाचं शटर सकाळी वर जाताना दिसलं की त्यांचा दिवस सुरू होतो. मध्ये मी पलंग वीतभर सरकवला, झाडायला, आणि परत लावताना जागा चुकली. संध्याकाळी म्हणाले, आज दुकान उघडलं नाही का गं. इथे तर किती माणसं येऊन पडणार.”

मी तसाच पडून राहिलो. उठलो असतो तर कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागलं असतं.

उठल्यावर विचारलं, मग चौकट बसवायची कुठे. काकूंनी पिशवीतून चार घड्या घातलेला पाठकोरा कागद काढला, कोरी बाजू वर करून भिंतीवर धरला आणि पेन्सिलने त्यावर भिंतीचा छेद काढला. चौकट बाहेरच्या टोकाला, नव्वदची. दगडात जुन्या बिजागऱ्यांचे गंजके खुंट तिथेच राहिलेले होते, ते त्यांनी बोटाने दाखवले. दोन झडपा, प्रत्येकी पंचेचाळीसच्या, आत उघडायच्या. उघडल्या की पसरट बाजूंना टेकून पडतील, कुणाच्या डोक्याला लागणार नाहीत आणि दिसण्याच्या आड येणार नाहीत. उघडलेली झडप कशाला टेकणार, हा प्रश्न मला पाच-सहा महिन्यांपूर्वीच विचारून झाला होता. सुतार पुढे येऊन वाकला, कागदावरची रेघ बोटाने मापली आणि म्हणाला, “हां. आता बसंल.” दिवसभरात तो एवढंच बोलला.

संस्थेच्या लोकांना दाखवायला हवा म्हणून मी तो कागद मागून घेतला. मागितल्यावर काकू क्षणभर थांबल्या, घड्या पुन्हा नीट बसवल्या आणि मग दिला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

ऑफिसात परत आल्यावर आधी त्यांची फाइल उघडली, पुन्हा पहिल्यापासून बघावी म्हणून. ‘अस्तर’ हा लेयर बंद होता, म्हणून दिसत नव्हता. तो चालू केला. अडतीस कोऱ्या जागांमध्ये बारीक अक्षरांत अडतीस टिपा होत्या. प्रत्येक खिडकीची आतली रुंदी, बाहेरची रुंदी, पलंग कुठल्या अंगाला, बाहेर काय दिसतं. फाटक. विहीर. नुसतं आभाळ, पण मोठं. आणि सगळ्यात वर एक ओळ होती, की रेडिमेड घालू नये, साहेबांना विचारून जागा हाताने कापायच्या आहेत. नकाशा पाठवताना तो लेयर बघायचंही मला सुचलं नव्हतं.

मग तो कागद स्कॅन करायला घेतला. घड्या उलगडल्या, काचेवर ठेवायला उलटा केला, आणि माझंच नाव दिसलं, तिरकं छापलेलं. ‘आपलं काम समाधानकारक न वाटल्यामुळे.’ माझी फेकलेली प्रत नेहमीप्रमाणे पाठकोऱ्यांच्या खोक्यात जाऊन पडली होती, आणि त्या खोक्यातले कागद ऑफिसात एकच माणूस वापरायचं.

म्हणजे त्या दिवशी सकाळभर त्या गप्प होत्या ते यामुळे. पत्र वाचून झालेलं होतं. नोकरी गेल्यात जमा होती. गप्प बसल्या असत्या तर चुकीच्या अडतीस चौकटी तयार झाल्या असत्या, खाली सही माझी होती आणि बोभाटाही माझाच झाला असता. त्याऐवजी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, माझी बोलणी खाल्ली, घरी जाऊन पुठ्ठे कापले आणि मला फळीवर निजवून खिडकी दाखवली. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. खणातलं पाकीट काढून मी त्याचे बारीक तुकडे केले. बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकू अर्धा तास लवकर येतात हे माहीत असल्यामुळे मी पाऊण तास लवकर गेलो. त्या आल्या, पर्स अडकवली, माऊसचा अभ्रा सारखा केला. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, पत्राची बाजू वर करून. रात्री मनात बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. एवढंच विचारता आलं, की हे वाचूनसुद्धा तुम्ही यावरच खिडकी काढलीत?

काकूंनी कागद हातात घेतला. माझ्याकडे न बघता तो उलटा करून टेबलावर ठेवला, छेदाची बाजू वर, आणि तळहाताने घड्या सपाट केल्या.

“वाचलं होतं, साहेब,” त्या म्हणाल्या. “पण एक बाजू कोरी होती.”

मग त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि पहिल्या खिडकीची जागा हाताने कापायला घेतली. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि वहीतले आकडे वाचून दाखवायला लागलो, बाहेर नव्वद, आत दीडशे. प्रत्येक खिडकी झाली की त्या टाका मारून ठेवत होत्या. अडतीस व्हायला चार दिवस लागले, आणि घाई करा असं मी एकदाही म्हटलं नाही.